दिवस भरत आले

डिसेंबरची नऊ तारीख. चार हजार गोळे बाकी,
सगळे लाल. आणि श्टुटगार्टच्या त्या दुकानाला
नुसता लाल चालत नाही, वाइनसारखा हवा.
कुठल्या वाइनसारखा, ते कुणी सांगत नाही.

मी लुद्विका. एकतीस वर्षं काच फुंकतेय
क्रोस्नोबाहेरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये.
ज्योत, नळी, फुंकर.
ज्योत, नळी, फुंकर.
माझा श्वास कुठल्या कुठल्या देशांत
अनोळखी घरांतल्या झाडांना टांगलेला आहे,
आणि घरचा जिना चढताना
मलाच तो पुरत नाही.

आगमनकाळ सुरू झालेला मला कळतो
खोक्यांच्या उंचीवरून. कमरेशी आली की पहिला रविवार,
खांद्याशी आली की दुसरा.
आमच्या घरच्या चार मेणबत्त्या अजून
पिशवीतच आहेत, बटाट्यांशेजारी.
फादर झेनोन म्हणतात, वाट पाहा.
वाट पाहायला सवड लागते, फादर.

माल्विना बर्गेनला मासे कापते.
नाताळला येतेस का, विचारलं, तर लिहिते :
तिकिटं महाग झालीत, बघते.
त्या एका 'बघते'वर
मी बारा दिवस काढलेत.
तिचं पोर माझ्याकडे. ग्नियेव्को. सात वर्षांचा.

आज पाच वाजता त्यानं माझी रजई ओढली.
आजी, पहाटेची मिस्सा.
नको रे, म्हणाले, पाठ धरलीय.
तो आधीच बूट घालून उभा, उजवा डाव्यात.

बाहेर उणे सात. चर्चमधले दिवे मालवलेले,
तशीच रीत आहे आमच्याकडे या दिवसांत.
अंधारात पोरं आपापले कंदील घेऊन येतात,
गुडघ्याएवढ्या उंचीवरून उजेड सरकत जातो
वेदीकडे.
ग्नियेव्कोचा कंदील विझलेला.
सेल आणते, आणते, म्हणत मी तीन दिवस घालवले.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कशाला आणलास मग, मी कुजबुजले.
तो म्हणाला, असू दे ना.
काच आहे ना याला. बाकीच्यांचे दिसतात त्यात.

वाकून पाहिलं.
दिसत होते. वीस-बावीस. थरथरणारे.
काच माझ्याच हातची, फोडून टाकायच्या ढिगातली,
एका बाजूला बुडबुडा राहिलेली.
बुडबुड्यात एक जास्तीचा.

मग फादर काय बोलले ते ऐकलं नाही मी.
मला ती बाई आठवत होती,
अवघडल्या अंगानं नाझरेथहून निघालेली,
सरकारी शिरगणतीत नाव लिहायला.
शिदोरी बांधायची, गाढवाचं बघायचं,
पाय सुजलेले, आणि मुक्कामाला जागा नाही.
तिला तरी कुठे सवड होती?
पण दिवस भरायला सवड लागत नाही.
बाई भांडी घासत असो की रस्त्यात असो,
ते आपले भरत राहतात आत,
आणि एका रात्री
भरतात.

देवा, मी तुझी नीट वाट पाहिली नाही.
तू मात्र आपल्या वेळेनं चालत असशील,
हे मी आज गुडघ्यांवर बसून
पाठ दुखत असताना
मान्य केलं.
एवढंच झालं. आकाश वगैरे उघडलं नाही.

सात वाजता शेडमध्ये. फोन टेबलावर पालथा.
आंजेय म्हणतो, श्टुटगार्टवाल्यांना आता
जांभळट छटा हवीय.
हवी तर हवी.
ज्योत लावली, नळी फिरवली,
छातीत मावेल तेवढी हवा घेतली.

सेल आजही विसरले.
रात्री माल्विनाच्या पलंगावर धुतलेली चादर घातली,
उशीचा अभ्रा बदलला.
ग्नियेव्कोनं विचारलं, येणार आहे?
म्हटलं, बघते म्हणालीय.
तू ते दुसरं टोक धर.