सध्या नको

मोजणीदार आला त्या उन्हाळ्यात
आमच्या खाडीला नाव नव्हतं.
म्हणजे होतं, पण बुडालं होतं.

खाडी ती केवढी. हातमोजा उताणा पडावा
आणि त्याचा तो बाजूचा कप्पा,
ज्यात एक बोट एकटं राहतं, तेवढीच.
माथ्याशी हिमनदी, रात्रभर कण्हणारी.
तोंडाशी गोट्यांची दांडी: ओहोटीला चालत जाता येतं,
भरतीला नाही. माझ्या बहिणीला हे उशिरा कळलं, बूट गेले.
जुलैआधी बर्फ हलत नाही.
दक्षिणेला एक काळा खडक,
त्यावर पक्षी बसतात, म्हणून पांढरा.

त्या एकट्या बोटाचं नाव खाडीला,
आणि तेच माझ्या मामाला.
बर्फ धरायच्या आधी तो सीलमागे गेला.
कयाक तेवढी परत आली.

मग ते नाव तोंडातून काढायचं नाही.
मेलेल्याला हाक गेली तर तो वळून बघतो.
हाताच्या बोटालाही आम्ही 'जाडा भाऊ' म्हणू लागलो.
पोरं चुकायची. आई त्यांच्या तोंडावर हात ठेवायची,
चारच बोटांनी.

मोजणीदाराचं नाव एस्किल्ड.
दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचा:
सात वाव, नऊ वाव, मग तळच लागेना.
वल्ही आम्हा बायकांकडे, सुकाणू म्हाताऱ्या उतुआककडे.
दुभाषा आब्राम पश्चिम किनाऱ्याचा,
आमचे अर्धे शब्द त्याला कळत नसत,
आणि त्यातले काही तर आम्हीच नुकते बदललेले.
त्यानं विचारलं, हिला काय म्हणता?

आम्ही वल्ह्यांकडे बघितलं.
उतुआक खोकला. म्हणाला,
"सध्या नको."

आब्रामनं सांगितलं, साहेबानं लिहिलं,
शाईवर फुंकर मारली, चहा निववावा तशी.

पुढच्या वर्षी मासे अंडी घालायला काठावर आले
त्याच आठवड्यात मामीच्या बहिणीला मुलगी झाली.
मामी तिच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली,
अंगठा.
त्या दिवशी आम्ही उगीचच हातमोजे शिवत बसलो,
तो शब्द पुन्हा पुन्हा लागावा म्हणून.

नकाशा आला वीस वर्षांनी, मिशनच्या भिंतीवर.
त्यात आम्ही नखाएवढे, आणि बारीक अक्षरांत: सध्या नको.
अंगठाला आता तीन मुलं.
धाकट्याला कडेवर घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
खडक काळा का रंगवलाय?