मळकट सावली

बावीस नंबरच्या बसमध्ये काल
एका शाळकरी पोराने उठून मला जागा दिली.
माझ्या पोटाकडे बघून.
बाळा, मी बावन्न वर्षांची आहे,
असं काही म्हटलं नाही. बसले.
पर्स पोटावर धरली आणि टे नदीकडे बघत राहिले.

सकाळी सपाट असतं. अकराच्या चहापर्यंत ठीक.
चारनंतर
आंबोळीचं पीठ रात्री झाकण उचलतं, तसं
कुणाला न विचारता वर येतं.
आधी पट्टा, मग बटण,
मग काजातून ओवून बटणाला अडकवलेलं रबर बँड.

आणि माझं कामच पोटं बघण्याचं.
डंडीच्या इस्पितळात, अंधाऱ्या खोलीत,
एकवीस वर्षं लोकांच्या पोटाला थंड जेल फासते
आणि पडद्यावर शोधते: यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं,
मध्येच वारा.
वारा दिसत नाही. त्याची सावली दिसते, मळकट,
ओल्या फडक्याने पाटी पुसल्यासारखी.
तिच्यामागे काय आहे, देव जाणे.
रिपोर्टात लिहिते: वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही.

आहारतज्ज्ञ मोरागने कागद दिला.
कांदा नको, लसूण नको, राजमा नको,
सफरचंदसुद्धा नको. काही आठवडे.
मग एकेकाला परत बोलावून बघायचं, चोर कोण ते.
हिंग चालतं, हे तिला मीच सांगितलं.

मी वही घातली.
मंगळवार: सँडविच, उभ्याउभ्या, चार मिनिटांत.
बुधवार: वालाचं बिरडं. कबूल.
गुरुवार: साधा भात. तरी फुगलं.
निषादचा फोन होता, नाताळला येत नाही म्हणाला.

नलूमावशी चिपळूणहून ओरडते,
ज्याचं पोट दुखतं तो ओवा मागतो,
तू मागत का नाहीस गं?
ओवा आहे घरात, मावशी. खाते. एक ढेकर येते, बरी असते.
मागायचं होतं ते दुसरंच.
पन्नाशीपुढच्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगत राहिलं
तर वाट बघू नका, तपासून घ्या.
हा कागद माझ्याच दारावर चिकटवलाय, माझ्याच हाताने.
माझा सातवा आठवडा.

शुक्रवारी शिफ्ट संपल्यावर एलीने दार लावून घेतलं.
चढ, म्हणाली.
जेल थंड. बेंबीभोवती तिचा हात फिरला
आणि एकदम हिंगाचा वास आला मला.
तीन महिन्यांचा निषाद, पाय पोटाशी ओढून कळवळणारा,
आणि कोमट पाण्यात कालवलेलं हिंग
मी त्याच्या बेंबीभोवती हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखं.

पडद्याकडे बघितलं नाही.
छताला पाण्याचा एक डाग आहे.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा दिसला,
कारण मी तिथे कधी आडवी झाले नव्हते.

एली गप्प.
आमच्या धंद्यात गप्प राहणं म्हणजे काय, मला विचारा.
मी कान लावून होते: काही सापडलं की आम्ही मोजतो,
मोजताना बटण टिकटिकतं.
एकदा टिक. श्वास अडकला.
मग तीच म्हणाली, सॉरी, कोपर लागलं.

वारा, म्हणाली. ढीगभर वारा.
कडेने शिरून बघितलं, दोन्ही ओव्हरी जागेवर,
सुकलेल्या मनुका.
रक्त तरी तपासून घे, सोमवारी.

मी डाव्या कुशीला वळले, गुडघे छातीशी घेतले,
आणि सात आठवड्यांचं साठलेलं
इतक्या मोठ्याने सुटलं
की बाहेरची ट्रॉली थांबली.
एली टेबल धरून हसली. मी हसले.
थोडी रडले, तेही त्याच हिशेबात धरा.

रात्री बसून जेवले. कांद्याची हिरवी पात तेवढी, ती चालते.
वहीत, 'कारण' या रकान्यात
वाल लिहिले. मग निषाद लिहिलं. मग ते खोडलं.

उद्या तो पोरगा बसमध्ये भेटला
तर पुन्हा बसेन.
पाय दुखतात माझे.