मुद्रितशोधन

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
फ्रीजच्या घरघरीशेजारी माझं टेबल.
पडद्यावर चार रंगांची अक्षरं सरकतात:
ए हिरवं, सी निळं, जी काळं, टी लाल.
ना शब्द तोडलेले, ना विरामचिन्हं,
वाचायची मात्र सगळी.

बाबा मुद्रितशोधक होते, ठाकुरद्वारच्या एका छापखान्यात.
पंचांगं, लग्नपत्रिका, कुणा वैद्यांचं मासिक.
कानावर लाल पेन्सिल,
समासात बारीक खुणा: काढा, जोडा, खिळा उलटा.
‘शब्दातली चूक सोपी,’ म्हणायचे,
‘मधल्या कोऱ्या जागेतली छापून जाते.’

ते कायम पिवळट.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचे, बुटाची नाडी बांधल्यासारखं करत.
चपला असल्या तरी.
डॉक्टर म्हणाले, लोह कमी.
तीस वर्षं गोळ्या. आईची बोटं बीट किसून लाल.
आम्ही सगळे त्यांच्यात लोखंड भरत राहिलो,
आणि लोखंड कमी नव्हतंच.

घरत वडाळा आगाराचे. मुलगी आर्वी, सहा वर्षांची,
दर एकवीस दिवसांनी एक पिशवी रक्त.
आता बायकोला पुन्हा अकरावा आठवडा.
म्हटलं, तुम्ही दोघेही वाहक आहात.
त्यांनी खिशातून बिल्ला काढला:
‘मी आहेच हो मॅडम. हिला कधी भरती केलं?’
हसलो. मग कोणीच हसलं नाही.
त्यांच्या आईने विचारलं, ‘पण आलं कुणाकडून?’
दोघांकडून, काकू. सारखंच.
म्हातारीने घरून एकाच बाजूचा राग आणला होता,
तो कुठे ठेवावा तिला कळेना.

जनुकात काही मजकूर वाचायचा नसतोच.
पेशी तो कापून टाकते,
आणि कुठे कापायचं त्याची खूण तिथेच असते.
घरतांच्या घरी त्या खुणेतलं पाचवं अक्षर बदललंय,
जीच्या जागी सी. एवढंच.
पुढचा-मागचा मजकूर शुद्ध,
कात्री चुकते.
बाबा असते तर म्हणाले असते, बघ, कोरी जागा.

रोज एक नमुना निरोगी माणसाचा लावावा लागतो,
यंत्र खरं बोलतंय का ते बघायला.
एका सोमवारी नेहमीचा दाता, आमचा तेंडोलकर, रजेवर.
मी माझंच रक्त काढलं.
ए-टू पाच पूर्णांक दोन.
यंत्र बिघडलं म्हणून दोनदा चालवलं.
तिसऱ्यांदा कॉलम बदलून.
बारा वर्षं मी लोकांना सांगत आले, लग्नाआधी तपासा.

मग अक्षरं वाचली. तीच जागा, तेच पाचवं,
काळ्या शिखरावर निळं शिखर,
एकाच खाचेत दोन खिळे बसवल्यासारखं.
आईचं तपासलं, तिचं स्वच्छ.
म्हणजे ही बाबांची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या शोधणाऱ्या
माणसाची, त्याला न दिसलेली.

खोडलेलं पुन्हा ठेवायचं असेल
तर ते त्याखाली टिंबं देत. म्हणजे: राहू दे.
मी कागद छापून घेतला,
त्या एका अक्षराखाली पेन्सिलीने चार टिंबं दिली,
कागद फाइलला न लावता पर्समध्ये ठेवला.

घरतांचा अहवाल शुक्रवारी गेला.
बाळ वाहक, नुसतं वाहक.
‘घरात तिसरा बिल्ला,’ ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन
बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिले.

खाली आर्वी नर्सला सांगत होती,
डावीकडची नको, ती शीर थकलीय.
नळीतून थेंब पडत होते एकाखाली एक,
टिंबांसारखेच.
पण त्यांचा अर्थ तो नव्हे.
ती ते मोजत होती, शंभरानंतर चुकली,
पुन्हा एकपासून सुरू.

कार्डावर मी पुढची तारीख लिहिली.