कोरडा फेरा

सेनाद म्हणतो, आधी वाक बघ.
नळी सरळ असती तर एकोणीस वर्षांत
मीच काटकोनात वळलो असतो.
स्टीलच्या नळीला दोन वळणं,
एक मांडीपाशी, एक जमिनीच्या जरा वर,
कुणीतरी कुठेतरी
माणसाची कंबर समोर ठेवून दिलेली.

सेंट लुइस, फेब्रुवारी.
व्हॅन रस्त्यावर घुरघुरते आहे.
बारीक होज गरम पाणी आत नेतो,
जाड होज ते मळवून परत आणतो.
दोघांमुळे दार लागत नाही,
थंडी त्याच फटीतून येते.

मी शिकाऊ. तो अवजार उलटं करून दाखवतो :
सहा तोट्या, पाणी तिरकं मारणाऱ्या;
सरळ मारलं तर कार्पेटच्या पोटात शिरतं
आणि आठवडाभर कुजतं.
ओठावर टेफ्लॉनची पांढरी पट्टी.
तव्यावरून अंडं सुटतं ना, तसं.
ही नव्हती तेव्हा प्रत्येक फेरा
म्हणजे अडलेलं गाढव ओढणं.
खटका सोडला की पाणी बंद, ओढ चालूच.
आणि इथे ही काच, नखाएवढी.
घरमालकाला घाई असते, म्हणाला,
काचेला नसते.

काचेतून चहा गेला, मग फिका चहा,
मग नुसती वाफ.

मधल्या खोलीत भाड्याचा पलंग होता, काल नेला.
चाकांचे चार खड्डे,
तिथून खिडकीपर्यंत दबलेली वाट,
कडेने काठीचे गोल ठसे.
बर्निस दाराशी, अंगात कोट तसाच.
सगळं काढा, म्हणाली.
मग, ते नको.
मग, नाही, काढाच.
मग बोललीच नाही.

सेनादने बोटं खटक्यावरून उचलली
आणि दांडा माझ्या हातात दिला.
कोरडा फेरा.
फक्त ओढायचं. सोडायचं काही नाही.

खिडकीशी फटीत काहीतरी अडकून शिटी वाजली.
अर्धी गोळी. पुढे आणखी एक.
पडद्याखाली पाच-सहा,
चघळून बाहेर टाकलेल्या.

बर्निसने त्या तळहातावर घेतल्या.
मी पाण्याचा ग्लास धरून उभी राहायचे, म्हणाली,
आणि ही बाई मला म्हणायची,
थांब, जरा बाहेर बघून येते.
तिने कोटाच्या बाहीत तोंड लपवलं.
खांदे हलत होते. हसत होती, बहुतेक.

आता धुवा.

मी खटका दाबला, वाटेवर वाकले.
तू नको, सेनाद मागून म्हणाला,
नळी वाकली आहे तेवढी पुरे.