जायला दोन, यायला एक

बुरुल म्हणाली, गाडी विकायचीय,
ओशला गिऱ्हाईक आहे, येतेस का?
किती दिवस, मी विचारलं.
जायला दोन, यायला एक.
या हिशेबातली मेख तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

झिगुली पिवळी. म्हणजे कधीकाळी पिवळी.
साबिरबेकने डॅशबोर्डवर चिकटवलेला लाकडी घोडा
प्रत्येक खड्ड्याला मान हलवून होकार देत होता.
मागच्या सीटवर तळलेल्या बोरसोकचं पातेलं, दोन घोंगड्या,
पाण्याचे पाच कॅन :
चार गाडीला, एक आम्हाला.

घाटात काटा लालमध्ये शिरला
तशी बुरुलने हीटर लावला.
जुलै महिना, काचा खाली, आणि हीटर!
इंजिनचा ताप थोडा आपण घ्यायचा, म्हणाली,
तो असंच करायचा.
पोटऱ्या भाजतायत, कपाळावर बर्फावरून आलेला वारा,
अशा आम्ही तीन हजार मीटर चढलो,
अर्ध्या शिजलेल्या, अर्ध्या गारठलेल्या.

बोगद्यात नुसता ट्रकांचा धूर.
बाहेर पडलो आणि सुसामिरचं खोरं,
इतकं हिरवं, की बोलणं अर्ध्यावरच राहिलं.
बुरुलने गाडी कडेला घेतली, उतरली,
कमरेएवढ्या गवतात गेली
आणि शिंकली. अकरा वेळा. मी मोजल्या.
तीस वर्षं ओळखते हिला.
गवताचं वावडं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.
"लहानपणापासून आहे," नाक पुसत म्हणाली,
"तू उन्हाळ्यात कधी होतीस माझ्याबरोबर?"

खरंच की.
आमची सगळी मैत्री हिवाळ्यातली,
शिक्षकांच्या खोलीत, कोळशाच्या शेगडीशी,
वह्यांचे गठ्ठे तपासता तपासता.
शाळा सुटली की ती त्याच्या गावी,
मी माझ्या पोरांच्या मागे.

पुढे लोकरी तंबूबाहेर एक पोरगी कुमीस विकत होती,
नऊ-दहा वर्षांची.
गाडीभोवती चक्कर मारून, टायरला लाथ घालून
तिने विचारलं, कितीला देणार?
तुझ्याकडे किती आहेत?
पोरीने खिसा उलटा केला, पैसे मोजले.
तीनशे चाळीस सोम. आणि एक कोकरू,
पण ते लंगडं आहे, आधीच सांगते.
बुरुल विचार करत राहिली.
इतका वेळ, की मला धास्ती वाटली.

रात्री तोकतोगुलच्या जलाशयाकाठी गाडीतच झोपलो.
मध्येच जाग आली तर ही स्टिअरिंगवर हात ठेवून ताठ बसलेली,
इंजिन बंद, समोर काळं पाणी.
कुठे निघालीस?
कुठे नाही.
मग हळू चालव, मी म्हटलं, माझी मान अवघडलीय.
ती हसली का, अंधारात कळलं नाही.
घोंगडी मात्र माझ्या अंगावर सरकली.

ओशमध्ये कलिंगडांचे ढीग, धूळ, डोकं उठवणारं ऊन.
गिऱ्हाइकाने बॉनेट उघडून
घोड्याचे दात तपासावेत तसं आत पाहिलं.
तोंड वाकडं केलं, दोन हजार पाडले.
भांडायची, ती भांडली नाही.
लाकडी घोडा तरी काढून घे, मी म्हटलं.
राहू दे, म्हणाली. रस्ता त्याला पाठ आहे.
रिकामे कॅन तेवढे घेतले आम्ही. पाचही.

परतीला शेअर टॅक्सी. एसी, गुळगुळीत सीट,
मिसरूड फुटलेला ड्रायव्हर, आणि खिडकीशी
मांडीवर तांदळाचं पोतं घेतलेला एक म्हातारा.
आम्ही दोघी मागे, खेटून.
प्रत्येक वळणाला बुरुलचा उजवा पाय
पायपुसण्यावर दाबला जायचा,
तिथे नसलेल्या ब्रेकवर.
पहिल्या दहा वळणांना हसू आलं.
मग मी बाहेर बघत बसले.

सुसामिरला काचा बंद होत्या.
तरी तिने मान मागे नेली, डोळे मिटले.
मी रुमाल आधीच काढून ठेवला होता.