लायटरची खोबण

पायसांदूत दुपारी कुणी काही दुरुस्त करत नाही.
मी मात्र एल्बियोकाकाच्या प्यूजो ५०४ मध्ये
पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली,
अशी आडवी.
एकोणऐंशी सालची गाडी. आत अजून
डिझेलचा, येर्बाच्या पाल्याचा
आणि सोडून पंधरा वर्षं झालेल्या सिगारेटचा वास.

काका दाराशी खुर्ची टाकून बसलाय.
बगलेत थर्मास, हातात भोपळ्याचा कप.
"दोन भोकं पुरेत," म्हणतो.
एक फोनला.
दुसरं त्या डब्याला, ज्यात त्याचं इन्सुलिन
मोन्तेविदेओपर्यंत गार राहायला हवं.
जुनं सॉकेट मेलेलं आहे.
ते कुणी मारलं, हे आमच्या घरात
सगळ्यांना पाठ आहे:
माझ्या बापानं.

ब्याण्णवचा जानेवारी, मी सहा वर्षांची.
बापानं दोन दिवसांसाठी गाडी नेली,
परत आणली तेव्हा लायटर तापेना,
आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ पावणेपाचवर थांबलेलं.
"वायरिंग जाळलंस."
"मी हातही लावला नाही."
भांडण खरं तर एवढंच.
पण त्याच्या शेपटाला धरून
वीटभट्टीचे पैसे बाहेर आले,
कुणाच्या तरी लग्नातलं न दिलेलं आमंत्रण आलं,
आणि आम्ही रिव्हेराच्या बसमध्ये बसलो.
बाप तिथे अजून सीमेवरच्या रस्त्यावर
जुने टायर विकतो.

आधी बॅटरीचं ऋण टोक सोडवलं.
पॅनलला चार स्क्रू, त्यातले तीन हजर,
चौथ्याच्या जागी काडेपेटीतली काडी.
अ‍ॅशट्रेत राख नाही, सात फ्यूज.
सातही उडालेले.
काकानं सात वेळा नवा घातला,
सात वेळा माझ्या बापाचा उद्धार केला
आणि मग कंटाळला.

वायर मी वीतभर वीतभर तपासली.
कुठे जळल्याची खूण नाही.
मल्टीमीटर मात्र नको तिथे वाजत राहिला.
शेवटी सॉकेटची नळीच उपसली,
उलटी करून तळव्यावर आपटली.

नाणं.

बाद झालेल्या पेसोचं, काळं पडलेलं,
कडेला एक बारीक खड्डा, ठिणगीनं चावलेला.
पुलावरच्या टोलसाठी सुट्टे पैसे
लायटरच्या वरच्या कप्प्यात ठेवायची सवय कुणाची,
हे मी बोलले नाही.
काकानं नाणं घेतलं, चष्मा पुसला,
पुन्हा पाहिलं.
"पाणी गार झालं," म्हणाला
आणि थर्मास घेऊन घरात गेला.
बऱ्याच वेळानं आला.
थर्मास रिकामाच होता.

मी तोवर ड्रिल लावलं.
जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तडकतं,
म्हणून हलक्या हातानं, थांबत थांबत.
जाड तार, पंधरा अँपिअरचा फ्यूज,
जोडावर डाख, डाखावर नळी.
मग विचारलं, "किल्लीवर देऊ की कायम?
किल्लीवर दिलं तर इंजिन बंद की सॉकेट बंद.
कायम दिलं तर वाटेत जेवायला थांबलास तरी
डबा गार राहील.
पण गाडी आठवडाभर उभी केलीस
तर बॅटरी उतरेल, सांगून ठेवते."

काका बोटानं खुर्चीचा रंग खरवडत होता.
"रिव्हेरा किती लांब?"
"साडेतीनशेच्या आसपास. मधला रस्ता वाईट आहे."
"कायम दे."

टोक जोडलं. सॉकेटभोवती निळं कडं उजळलं.
ते काकाला मुळीच आवडलं नाही,
त्यानं लगेच काळी पट्टी मागितली.
डबा लावला; त्याचा इवलासा पंखा घुरघुरायला लागला.
आणि घड्याळ, ज्याचा विचार कुणी केला नव्हता,
पावणेपाचला एक मिनिट झालं
असं म्हणत निघालं.

रात्री बापाला फोन केला.
नाण्याचं सांगितलं, फ्यूजचं सांगितलं.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं, ट्रक गेला,
तो काही बोलेना.
मग म्हणाला, "घड्याळ?"
"चालतंय."
"बरोबर?"
"नाही."