सतरा क्रमांकाची जागा

अकरा पेट्या मंजूर झाल्या आहेत.
लोखंडी, पिवळ्या, झाकणाला कडी,
आत वीस घमेली रेती.
गायमुखच्या उतारावर टँकरचं डिझेल सांडलं
की टाकायला.
जागा सुचवल्या गेल्यात सव्वीस.

तक्ता आहे. तक्ता चांगला आहे, मीच केला.
उताराला गुण पाच, वळणाला तीन,
नोंदलेल्या अपघाताला प्रत्येकी दोन,
मृत्यू असल्यास चार.
(हे 'असल्यास' मी तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.)
लेखी अर्जाला एक.
पदपथ अडत असेल तर वजा दोन.
दुकानाच्या तोंडावर नको, गटाराच्या झाकणावर नको,
ऐन वळणात नको,
पेटीवरच कुणी आपटायला नको.

मोजायला मी आणि मढवी मुकादम.
मी चाकाची टेप ढकलत,
ते चपला हातात घेऊन.
त्यांचे वडील कोपरीच्या मिठागरात फळी मारायचे;
पाणी कुठे थांबतं, कुठे घसरतं
हे त्या घरात तळव्यांना शिकवलेलं.
माझ्या यंत्राने दाखवलं, बारास एक.
मढवी म्हणाले, इथं नाय बाय, चार पावलां खाली.
चार पावलं खाली
डांबर नाण्यासारखं झिजलं होतं.

सोसायट्यांचे अर्ज तेरा.
एकीचेच दोन:
जुन्या सेक्रेटरींचा, पेटी आमच्या गेटसमोर ठेवावी,
नव्यांचा, ठेवू नये.
दोन्हींना एकेक गुण द्यावा लागला.
एका कार्यालयातून फोन,
पेटीवर नाव टाकायला रुंदी किती मिळेल?

आणि सतरा क्रमांकाची जागा.
खाडी एकदम दिसते ते वळण.
उतार पाच. वळण तीन.
अपघात, नऊ वर्षांत, शून्य.
अर्ज शून्य.
एकूण आठ. यादीत बारावी.

इतकं वाईट वळण आणि शून्य कसं?
मढवींनी हनुवटीने दाखवलं.
लखमी वरठाची टपरी, भुशाची शेगडी,
शेगडीशेजारी गोडेतेलाचा डबा, त्यात चाळलेली राख.
टँकर गेला की ती उकळता चहा सोडून
रस्त्याकडे बघते.
चमकलं की डबा उचलते,
एक हात वर करून गाड्या थोपवते,
दुसऱ्याने राख पेरते, भात पेरल्यासारखी.
कुणी सांगितलं तुम्हाला हे?
'कोण सांगल? एक पोर पडलेलं.
दुधाची पिशवी हाती होती.
तवापासून.'

तक्त्यात राखेला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं,
'स्थानिक महिला स्वतःहून राख टाकते,
म्हणून अपघात नाहीत.'
आठवड्याने कागद परत आला, हिरव्या शाईत,
'सदर महिलेकडे परवाना आहे काय?'

मी शेरा मागे घेतला.
वरच्या मजल्यावर दुसरा तक्ता असतो,
त्यात टपऱ्यांना क्रमांक असतात.
तिकडून एक गाडी निघाली, टपरी उचलली गेली,
की दोन पावसाळ्यांत
सतरा क्रमांकाला हवे तेवढे गुण पडतील.
पहिल्या तिनात येईल कदाचित.
मग पेटी नक्की.

पेट्या बसल्या. अकरा.
पहिलीला वॉचमनने स्वतःचं कुलूप लावलंय,
किल्ली रात्रपाळीकडे.
चौथीत शहाळी.
नववीवर दोन मुली बसून अभ्यास करतात,
त्यांना उठवायला माझं मन होत नाही.

रेती थोडी उरली होती.
उरलेल्याची नोंद करायची असते.
संध्याकाळी मढवींनी दोन गोणी
टपरीमागे उतरवल्या, माझ्याकडे न बघता.
मीही खाडीकडे बघत होते.
लखमीने पदराला हात पुसले,
म्हणाली, अंगठा कुठं देऊ?
कुठेच नाही, मी म्हटलं.
तिने चिमूटभर रेती बोटांत चोळली.
'राख बरी,' म्हणाली,
'ही चाकाखाली करकर वाजल.
पण असू दे.'